४४१७ चा भोपळा

१२ एप्रिल १९५४, सोमवार

कॉप्या आल्या. पोस्टमनने कापडात शिवलेला गठ्ठा ओट्यावर आदळला आणि म्हणाला, "बहनजी, इसमें पत्थर भरे हैं क्या?" तीनशे बारा कॉप्या, इंटरच्या परीक्षेतल्या गणिताच्या उत्तरपत्रिका. अण्णांनी लाखेचं सील बोटांनी चाचपलं, शाबूत आहे म्हणाले, आणि मग मला हाक मारली, "सुहास, कात्री आण."

ही वही कुणी वाचत नाही, तेव्हा साफ लिहून टाकते. अण्णांना दिसत नाही. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, डावा पिकायच्या वाटेवर. पुस्तक तोंडपाठ, फळ्यावर हाताला सवय, म्हणून शाळेत अजून कुणाला पत्ता नाही. आणि लागता कामा नये. मध्य भारत राज्य झाल्यापासून ग्वाल्हेरचे मास्तर आणि आमचे इंदूरचे मास्तर एकाच यादीत आलेत, त्या यादीत हेडमास्तरकीसाठी पहिलं नाव अण्णांचं आहे. जुलैत खुर्ची रिकामी होतेय. डोळ्यांचं कळलं तर डॉक्टरी तपासणी, आणि मग खुर्ची राहिली बाजूला, नोकरीच जायची. तेव्हा कॉप्या मी तपासायच्या आणि अण्णांनी सही करायची. आईला माहीत आहे. चौथ्या माणसाला नाही.

मला आवडतंय का हे? नाही आवडत. पण अण्णांना नाही म्हणायचं कुणी?

१४ एप्रिल

पद्धत बसली. अण्णांचं कार्ड म्हणजे लग्नपत्रिकेची कोरी पाठ, त्यावर दहा प्रश्नांची दहा उत्तरं, मोठ्या अक्षरात. आधी शेवटची ओळ बघायची. कार्डाशी जुळली की वरच्या पायऱ्यांवरून नजर फिरवायची आणि मार्क द्यायचे. जुळली नाही की भोपळा, पुढे चला. अण्णांचाच शोध हा. म्हणूनच ते दिवसाला पन्नास कॉप्या उडवायचे आणि बाकीचे परीक्षक वीसवर हाशहुश करायचे. गेली पाच वर्षं तर मुख्य परीक्षक जयसिंगराव दरवर्षी ग्वाल्हेरहून अण्णांकडून कार्ड मागवतात आणि नकला करून सगळ्या परीक्षकांना पाठवतात. मला फार अभिमान वाटतो त्याचा.

आज एकतीस झाल्या. आई दारात बसून गहू निवडते, कुणी आलं की खोकते. तिचा खोकला ऐकला की मी लाल पेन्सिल अण्णांच्या हातात देते आणि उठून सब्जी चिरायला लागते. आज शेजारच्या सरलाताई विरजण मागायला आल्या आणि म्हणाल्या, "बिचारे अण्णासाहेब, किती मेहनत!" अण्णांनी मान डोलावली. पेन्सिल उलटी धरली होती त्यांनी.

२० एप्रिल

सत्तेचाळीस कॉप्या. मान मोडून आली.

रोल नंबर ४४१७ पाशी घोडं अडलं. ह्या बहाद्दराने, की बहाद्दरणीने, कळायला मार्ग नाही, चारच प्रश्न सोडवलेत, बाकी पानं कोरी. अक्षर मुंगीएवढं. सहावा प्रश्न सगळ्यांनाच छळतोय: साइन थीटा, अधिक साइन तीन थीटा, अधिक साइन पाच थीटा, अधिक साइन सात थीटा, ही बेरीज सोप्यात सोप्या रूपात मांडा. पहिल्याची चौथ्याशी जोडी लावायची, दुसऱ्याची तिसऱ्याशी, सूत्र वापरायचं, की कार्डावरचं उत्तर येतं: चार कॉस थीटा, कॉस दोन थीटा, साइन चार थीटा, तिघांचा गुणाकार. ४४१७ ने जोड्या लावल्याच नाहीत. पहिल्याच ओळीत सगळ्याला दोन साइन थीटाने गुणलं, खाली चार ओळी खरडल्या आणि उत्तर लिहिलं: साइन चार थीटाचा वर्ग भागिले साइन थीटा. कॉसचा पत्ताच नाही!

मी म्हटलं, "अण्णा, उत्तर जुळत नाही, पण काहीतरी केलंय खरं."

"शेवटची ओळ जुळते का?"

"नाही."

"मग पुढे चल. अजून किती राहिल्यात?"

दिला भोपळा. आठांपैकी शून्य. एकूण सत्तावीस झाले, पास तेहेतीसला. गेला बिचारा. अण्णांनी सही केली, मी पेनचं टोक जागेवर टेकवून दिलं.

२७ एप्रिल

गठ्ठा शिवला, सील केला, ग्वाल्हेरला रवाना. अण्णा खुशीत. पोहे मागितले, वर शेव, वर जिरावन मसाला, आणि दुसऱ्यांदा मागितले. आई म्हणाली, "सुटलो बाई ह्या झंझटीतून."

मला सुटल्यासारखं का वाटत नाही? दुपारभर घरात येरझारा घातल्या. आई ओरडली, एका जागी बस, पायाला भिंगरी लागलीय का.

२ मे, रविवार

देवा रे.

गव्हाची खळ घोटत होते. हात चालू असला की डोकं मोकळं सुटतं, तसं सुटलं आणि थेट ४४१७ वर जाऊन बसलं. मनात म्हटलं, गुणलं तर होतं, पण भागलंही होतं ना शेवटी! मग गुणणं चूक कसं? चुलीतला कोळसा घेतला आणि फरशीवर मांडलं. थीटा तीस अंश धरला. साइन तीस अर्धा, साइन नव्वद एक, साइन दीडशे अर्धा, साइन दोनशे दहा उणे अर्धा. बेरीज दीड. आता ४४१७ चं उत्तर: साइन एकशेवीसचा वर्ग पाऊण, भागिले अर्धा. दीड!

म्हटलं योगायोग असेल. पंचेचाळीस धरला. इकडे शून्य, तिकडे शून्य. नव्वद धरला. पुन्हा जुळलं. मग त्याची ती गुणाकाराची ओळ घेऊन स्वतः खाली उतरत गेले आणि सगळं लख्ख बाहेर आलं. उत्तर बरोबर आहे. कार्डाचंही बरोबर आणि त्याचंही बरोबर, एकाच बेरजेची दोन रूपं. आणि मी कॉस दिसला नाही म्हणून भोपळा दिला.

खळ बुडाला लागली. आई बोलत होती, मला काही ऐकू येत नव्हतं.

३ मे

आठ मार्क धरले तर पस्तीस होतात. पास. माझ्यामुळे नापास.

दुरुस्ती होते, पण नियम मला पाठ आहे. परीक्षकाने स्वतः ग्वाल्हेरला जायचं, जयसिंगरावांसमोर कॉपी उघडायची, वाचून चूक दाखवायची आणि तिथेच सही करायची. अण्णा ती मुंगीएवढी अक्षरं वाचणार? गेले की उघडे पडले. नाही गेले की ४४१७ गेला. मिलचा भोंगा झाला तरी मी तशीच बसून होते. केरही काढला नव्हता.

८ मे, शनिवार

प्रेमलता महूहून आली. शाळेत माझ्याबरोबर होती, आता तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवते. तिचे आजोबा होळकरांच्या रिसाल्यात होते, घोड्यावर बसल्यासारखीच बोलते. तिला मी नुसतं एवढंच सांगितलं, की एखाद्या परीक्षकाकडून अशी चूक झाली तर?

"तो क्या! होतात चुका. भूल जा यार. त्या पोराला काय माहीत होणारे?"

"त्याला माहीत होणार नाही, हेच तर!"

"तू का एवढी तापतेस?"

मी म्हटलं ऊन फार आहे. ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली की निकाल पाच जूनच्या आत लागणार, त्यांच्या शाळेत चिठ्ठी आलीय. म्हणजे महिनासुद्धा नाही. मी तिला टांग्यापर्यंत सोडायला गेले आणि परत येताना आमची गल्ली ओलांडून पार रामबागेच्या टोकाला पोचले. मग भान आलं.

कोण असेल हा? चारच प्रश्न का केले? ताप आला असेल? की तेवढेच करावेसे वाटले? ज्याने हे केलं त्याला बाकीचे येत नसतील असं होणारच नाही. खरं सांगू? मला हेवा वाटला त्याचा. भर परीक्षेत, तीन तासांत, असं सुचतं!

११ मे

आईला सांगितलं. तिने परात बाजूला सारली.

"चूप बस. अण्णांच्या कानावर घालायचं नाही."

"आई, एका मुलाचं वर्ष जातंय."

"आणि ह्यांचं आयुष्य? तीस वर्षं घासली शाळेत. आता कुठे दिवस आलेत, तर तू निघालीस सत्य सांगायला! स्वतः इंटरला गणितात पाच मार्कांनी नापास झालीस, आणि अण्णांच्या कार्डात खोट काढतेस?"

ती बोलली ते खरंच आहे. तीन वर्षं झाली त्याला. माझा पेपर रतलामच्या कुणीतरी तपासला होता. मला वाटलं होतं, चांगला गेलाय. अण्णा म्हणाले होते, जाऊ दे सुहास, गणित हा तुझा पिंड नाही. त्यांच्याइतकं गणितातलं कळतं कुणाला? मग मी पुन्हा बसलेच नाही. तेव्हा फार रडले होते, आता काही वाटत नाही. पण आज आईने तोंडावर फेकलं तेव्हा कानशिलं तापली. मी ताटावरून उठले.

१३ मे

सांगितलं. राहवेना. अण्णा दाढी करत होते. आरशाची त्यांना गरज उरलेली नाही.

आधी ऐकलं. मग वस्तरा खाली ठेवला. "कार्डावर काय आहे?"

"कार्डावर आहे ते बरोबरच आहे अण्णा. त्याचंही बरोबर आहे."

"एका बेरजेची दोन उत्तरं?"

"उत्तर एकच. लिहिलंय वेगळ्या रूपात. मी तीस अंश घालून पाहिलं."

"तीस अंशाला जुळलं म्हणून सिद्ध होत नाही. हे मी तुला शिकवायचं?" आवाज चढला. "आणि भागिले साइन थीटा! थीटा शून्य असला तर? शून्याने भागशील? माझ्या उत्तरात ती अडचण नाही. प्रश्न म्हणतो सोप्यात सोपं रूप. अपूर्णांक हे सोपं रूप?"

मी म्हटलं, "छोटं तर आहे."

"तू मला रूपं शिकवू नकोस!"

अर्ध्या गालाला साबण तसाच. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले. मला राग आला, आणि त्यांची दया आली, आणि मग दया आली म्हणून स्वतःचाच राग आला.

१४ मे

अण्णांना दोनदा जेवायला बोलवावं लागलं. बोटाने मांडीवर काहीतरी लिहितात आणि पुसतात.

१५ मे

सकाळी पूजा झाल्यावर अण्णांनी हाक मारली. "वाच. त्याने काय केलं ते वाच."

"कॉपी इथे कुठे आहे, अण्णा?"

"मग सांग. पायरी पायरीने."

म्हटलं, त्याची पहिली ओळ तेवढी आठवते, पुढचं मी माझं मांडलंय. म्हणाले, चालेल. मी सांगत गेले. सगळ्याला दोन साइन थीटाने गुणलं. पहिल्या पदाचं झालं एक वजा कॉस दोन थीटा. दुसऱ्याचं कॉस दोन वजा कॉस चार. तिसऱ्याचं कॉस चार वजा कॉस सहा...

"थांब!" त्यांची बोटं हवेत थांबली. "चौथ्याचं कॉस सहा वजा कॉस आठ. अगं, म्हणजे गेले! कॉस दोन गेला, कॉस चार गेला, कॉस सहा गेला, मधले सगळे गेले!" मांडीवर थाप मारली. "उरलं काय, एक वजा कॉस आठ थीटा. वा! काय पोरगं आहे! अगं ए, ऐकलंस का?" आई हात पुसत बाहेर आली, तिला काय कळणार. अण्णा हसत होते. इतके मोकळे हसताना मी त्यांना किती तरी दिवसांत पाहिलं नव्हतं. मला हसू आवरेना आणि डोळ्यांत पाणी आलं.

मग त्यांनी मांडीवर बोटाने दोन्ही उत्तरं लिहून पाहिली. म्हणाले, "त्याच्यापुढे माझं उत्तर बोजड आहे." आणि मग, "कागद घे. जयसिंगरावांना."

आई म्हणाली, "अहो, निदान नुसती चूक झाली एवढंच लिहा ना."

"बोलावतील. तिथे जाऊन त्या अक्षरापुढे मी काय करू? घे सुहास. कॉप्या मी तपासलेल्या नाहीत, मला दिसत नाही. माझ्या मुलीने तपासल्या, माझ्या सांगण्यावरून, माझ्या कार्डावरून. ४४१७ च्या बाबतीत तिने मला विचारलं होतं, मी ऐकलं नाही. आपण सगळ्या कॉप्या पुन्हा पाहून घ्याव्यात."

माझं अक्षर वाकडंतिकडं झालं. तरी त्यांनी मध्येच बजावलं, "साइन थीटा शून्य नको, हे त्याने लिहायला हवं होतं. एक मार्क मी कापणारच. सात लिही."

"सात म्हणजे चौतीस. पास."

"मला बेरीज येते," म्हणाले.

सहीच्या जागी मी पेनचं टोक टेकवलं. पत्र मीच टाकलं. पेटीत हात आखडला होता, मग सोडून दिलं. आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही. रडली असावी.

२९ मे

जयसिंगरावांचं पत्र आलं, रजिस्ट्रीने. ४४१७ ला सात, एकूण चौतीस. उत्तीर्ण! बाकीच्या तीनशे अकरा कॉप्या दोघा जणांकडून पुन्हा पाहून घेतल्या, कुठे फरक निघाला नाही. पुढे लिहिलंय, चिंतामणराव, आपलं नाव परीक्षकांच्या यादीतून कमी करावं लागतंय आणि शिक्षण खात्याला कळवणं भाग आहे, फार वाईट वाटतं.

खात्याचा कागद लगेच मागोमाग आला. हेडमास्तरकी यादीतल्या दुसऱ्या नावाला. अण्णांना डोळ्यांचं ऑपरेशन होईपर्यंत रजा, नंतर डॉक्टर म्हणतील तसं. मी वाचत होते, अण्णा सुपारी कातरत होते. हात थांबला नाही. "आता लपवायचं काही उरलं नाही," म्हणाले, "तर मोतीबिंदू तरी काढून टाकू हा."

आई आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. सरलाताई येऊन गेल्या. ह्या वेळी त्या बिचारे अण्णासाहेब म्हणाल्या नाहीत, माझ्याकडे वरून खालून पाहिलं फक्त.

माझं बरोबर झालं का? चौतीस मार्क कुण्या अनोळखी माणसाला, आणि घरात हे. तरी पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा हेच करीन. पण चैन मात्र पडत नाही.

१६ जून, बुधवार

अण्णांना इस्पितळातून घरी आणून चार दिवस झाले. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, हलायचं नाही, वाकायचं नाही, शिंकायचं पण नाही म्हणे. आई चमच्याने भरवते. तिचा राग निवळलाय. नवऱ्याला भरवण्यात ती इतकी रमेल असं वाटलं नव्हतं.

मी शेजारी बसून वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. बातमीच्या मध्येच अण्णा म्हणाले, "जयसिंगरावांनी लिहिलं ना, एकाच कॉपीत फरक निघाला?"

"हो. एकच. ४४१७."

"ह्या वर्षीच्या कॉप्यांत."

"हो."

मला वाटलं डोळा लागला. मी पान उलटलं तर म्हणाले, "एकोणीस वर्षं तपासल्या मी. डोळे चांगले होते तेव्हाही शेवटचीच ओळ बघत होतो. आणि ते कार्ड मी सगळ्यांना दिलं. उज्जैनला गेलं, रतलामला गेलं. बाकीच्यांचं काय गं?"

मी म्हटलं, "अण्णा, त्या कॉप्या केव्हाच रद्दीत गेल्या. आता काही करता येत नाही."

"हो. करता येत नाही."

डॉक्टरांनी मान वळवायची नाही असं बजावलंय, तरी त्यांनी वळवली आणि पट्टी बांधलेलं तोंड माझ्याकडे करून तसेच राहिले. मी विचारलं, पाणी देऊ का? नको म्हणाले. आईला हाक मारू? नको. माझा हात चाचपत शोधला आणि धरून ठेवला, अगदी घट्ट. मी पुढची बातमी वाचायला घेतली, महूला नवी बससेवा सुरू होणार त्याची, आणि दुसऱ्याच ओळीत माझा आवाज बसला. बसच्या बातमीवर रडू येण्यासारखं काय होतं, मला अजून कळलेलं नाही.